कापलेला ताणा

नदीच्या पायऱ्यांखाली दोन विणकर भावांतला थोरला मेलेला सापडला तो गुरुवारी सकाळी. दुपारी त्याच्या घरात, हातमागासमोर स्टूल ओढून फौजदार बसले होते. त्याची बायको, घरची सून, भिंतीला टेकून उभी होती. डोळे कोरडे, ओठ फुटलेले.

"मंगळवारी संध्याकाळी नवऱ्याशी भांडलीस. गल्लीने ऐकलंय."

"भांडले. माग मोडून गिरणीत जातो म्हणाले, म्हणून भांडले. साहेब, तुमच्या घरी भांड्याला भांडं लागत नाही?"

"लागतं. पण आमच्याकडे मुडदा पडत नाही." त्यांनी मागाकडे बोट केलं. "रागात हा ताणा कापलास. मग पायऱ्यांवर गाठून त्याला ढकललंस."

अर्धं विणलेलं निळं कापड मागावर तसंच होतं. पुढचे उभे धागे मधोमध कापलेले, टोकं गोळा करून एकच गाठ मारलेली.

"मी नाही कापला. बुधवारी पाणी भरून आले, तर असाच होता."

तेवढ्यात धाकट्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांनी अधू झालेली म्हातारी आई आली. ती दोन गल्ल्या पलीकडे धाकट्याकडेच राहायची. धाकटा उंबऱ्याशीच थांबला. तिने पदराआडून कात्री काढली.

"आजी, कशाला हात लावायचा नाही."

"लावावाच लागतो, लेकरा. विणकर गेला की त्याचा ताणा रक्ताच्या माणसाने कापायचा, गाठ मारायची. नाहीतर मेल्यावरही हात विणत राहतात, जिवाला विसावा नाही." ती चाचपडत मागाशी गेली, आणि बारीक आवाजात म्हणू लागली,

*माझ्या बाळाच्या बोटांना, आता धाग्याने सोडावं*
*विणायाचं राहिलं ते, माझ्या कपाळी जोडावं...*

बोटांना गाठ लागली. ओवी तिथेच तुटली.

"हा कुणी मोकळा केला? आज?"

"कालपासून असाच आहे," फौजदार म्हणाले. "नवरा घरी आला नाही म्हणून सून काल सांगायला आली, तेव्हाच मी पाहून गेलो."

काल. काल तर थोरला नुसता घरी आलेला नव्हता. गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हातारीची बोटं गाठीवरून पुन्हा फिरली. दुहेरी वेढ्याची होती. गाठ मारायला दोन्ही पोरांना तिनेच शिकवलं होतं. थोरला एकच वेढा घ्यायचा. धाकट्याला कायम वाटायचं, सुटेल.

फौजदारांच्या शिपायाने सुनेचा दंड धरला. "चल गं."

सून रडली नाही. सासूकडे तिने एकदाच पाहिलं. म्हातारीने डोळे मिटले. एक नदीने नेला होता. दुसरा मागे श्वास घेत उभा होता, तो श्वास तिला ऐकू येत होता.

"सोडा तिला," ती म्हणाली. "रागात कापणारा गाठ मारत नाही. सुनेने कापला तर मेलेला सुटत नाही, म्हणून सून कापणार नाही. रक्ताची आम्ही दोघंच. मी आज आले."

मग उंबऱ्यावरून धाकट्याचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा.

"माग मोडतो म्हणाला गं. बापाचा माग! एकदाच ढकललं, आई. पायरी निसरडी होती... हात तरी थांबावेत त्याचे, म्हणून सकाळी येऊन..."

"बरं केलंस," म्हातारी म्हणाली. "ते एक बरं केलंस."

त्याला नेलं तेव्हा तिने वळून पाहिलं नाही. गल्लीतले सगळे माग थांबले होते. बऱ्याच वेळाने सून जवळ आली, तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

"सासूबाई, चला, मी घरी सोडते."

"कुठल्या गं?" म्हातारीने विचारलं.