नोएमी आणि सरबताचा उंच पेला

मित्रांनो, मी एक जुना, उंच, सडपातळ काचेचा पेला आहे. माझा जन्म लेमान सरोवराकाठच्या एका काचभट्टीत झाला. माझी भावंडं हॉटेलांत गेली. मी मात्र जिनीव्हातल्या एका अभ्यासखोलीत आलो. लहान मुलं विचार कसा करतात, ते तिथे शोधत असत.

तिथल्या मादाम ओदेत मुलासमोर दोन बुटके पेले ठेवत आणि दोन्हींत डाळिंबाचं सरबत सारखंच भरत. मग एकातलं सरबत माझ्यात ओतत आणि विचारत, "आता कुठे जास्त आहे?" चार-पाच वर्षांची मुलं हमखास माझ्याकडे बोट दाखवत. माझ्यात सरबत वरपर्यंत चढलेलं दिसे ना! मादाम कधीच "चूक" म्हणत नसत. "असं का वाटतं तुला?" एवढं विचारून त्या गप्प बसत आणि मन लावून ऐकत. जरा मोठी मुलं मात्र खो खो हसत. "अहो मादाम, तेच तर सरबत आहे!" हे त्यांना कोणी पढवलेलं नसे. घरी ओतता-सांडता त्यांचं त्यांनाच उमगलेलं असे.

मादाम निवृत्त झाल्या, खोली बंद झाली आणि मी मस्यू बोवार नावाच्या गृहस्थांच्या खासगी बालवाडीत गेलो. "आमच्याकडे मुलं वयाच्या आधीच शहाणी होतात," असं ते पालकांना सांगत.

ते शहाणपण कसं यायचं, ते ऐका. खेळ तोच, बुटक्या पेल्यांचा आणि माझा. सरबताची एकच बाटली होती. संध्याकाळी उरलेलं सरबत पुन्हा तिच्यात जाई आणि सकाळी पुन्हा माझ्यात येई. त्यात माशी तरंगे, मुलांची लाळ पडे. माझ्या तळाशी आंबूस, चिकट थर साचला. मला माझीच शिसारी येऊ लागली.

पण त्याहून किळसवाणं होतं ते मस्यूंचं विचारणं. मूल "सारखंच" म्हणालं, की ते खिशातून तंबाखूची भुकटी चिकटलेली गोड गोळी काढून त्याच्या तोंडात घालत. दुसरं काही म्हणालं, की नाक मुरडून म्हणत, "शी!" आणि मग सगळ्या वर्गाला तसंच म्हणायला लावत.

नोएमी पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहून हरखली होती. चार वर्षांची, ट्राम चालवणाऱ्या गिस्लेनबाईंची ती लेक. "यात जास्त! मला हाच पाहिजे!" ती म्हणाली. वीसेक चिमुकली नाकं मुरडली. "शी!" तिचं बोट माझ्यावरून हळूच खाली आलं. त्यानंतर कितीतरी दिवस तिने मला बोट लावलं नाही.

मग पालकांसमोर प्रात्यक्षिकाचा दिवस आला. मस्यूंनी नोएमीला पुढे बसवलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे मस्यूंच्या नाकावर खिळले होते. धार अजून माझ्यात पडतच होती, तोच ती म्हणाली, "सारखंच."

टाळ्या पडल्या. गिस्लेनबाई उठून उभ्या राहिल्या.

"ओतून व्हायच्या आधीच कसं कळलं तिला?"

"तुमची मुलगी हुशार आहे, मादाम!"

"हुशार? घरीपण हल्ली ती हेच म्हणते. कान दुखतोय का विचारलं, तर म्हणे 'सारखंच'. सकाळी उशीला पू लागलेला दिसला, तेव्हा मला कळलं कान फुटलाय ते!"

मस्यू हसून काही बोलणार होते, पण गिस्लेनबाई त्यांच्याकडे पाठ करून लेकीसमोर उकिडव्या बसल्या. आता नोएमीला ते नाक दिसत नव्हतं.

"मी काही शी म्हणणार नाही, बाळा. तुला काय दिसतंय?"

नोएमीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी खाकरलं. मग ती पुटपुटली, "यात जास्त."

"का गं?"

"हे बघ ना, कुठपर्यंत आलंय!" आणि तिने माझ्या काचेवर बोट टेकवून सरबताची रेघ दाखवली.

पालकांत खसखस पिकली. मागच्या मुलांतून "शी!" आलंच. गिस्लेनबाईंनी ते चिकट बोट आपल्या कोटाला पुसलं आणि लेकीला कडेवर घेतलं.

"चुकू दे की तिला, मस्यू. वयच आहे तिचं. तुमच्या शहाणपणाची मला मात्र ओकारी येते." त्या निघून गेल्या. नोएमी खांद्यावरून माझ्याकडे बघत होती आणि आईला अजून काहीतरी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मस्यूंनी तीच बाटली माझ्यात रिकामी केली. नोएमीच्या खुर्चीत दुसरं मूल बसलं होतं, त्यांच्या नाकाकडे बघत.

मित्रांनो, मी आजही तिथेच आहे, न धुतलेला. तुमच्या घरी धाकटं भावंड असेल, तर एखादा पेला स्वच्छ घासून त्याच्या हाती द्या. ओतू द्या, सांडू द्या. आणि काही विचारलंत, तर तोंड वाकडं न करता थांबा. त्याला तुमच्या चेहऱ्याकडे नाही, पेल्याकडे बघू द्या.