गणपतीमागची भिंत

भिकाजी कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवर टिचकी मारायचा, मग माणसांची खुशाली विचारायचा. डिचोलीत लाद्यांचं दुकान घातल्यापासून त्याला ही खोड लागली होती आणि सुमंगलेला ती मुळीच खपत नव्हती. सख्खा धाकटा दीर, तिच्या हातची पेज पिऊन वाढलेला. पण गेल्या चवथीला त्याने कहर केला. आरती संपते न संपते तोच सगळ्या भाऊबंदांसमोर गणपतीमागच्या भिंतीला नख लावलं आणि पोपडा काढून दाखवला.

"वैनी, हे बरं दिसतं? पुढच्या वर्षी गणपती माझ्याकडे बसवू. माझ्या हॉलला खालपासून वरपर्यंत संगमरवर आहे."

भाऊबंदांनी माना डोलावल्या, म्हणजे होकारच. सुमंगला राहायची त्या पार्से गावच्या मूळ घरातून गणपती गेला की चवथीची माणसंही त्याच्या मागोमाग जाणार, आणि सुमंगला आपल्याच देवाकडे पाहुणी म्हणून जाणार. त्या दिवशी तिला गूळखोबऱ्याच्या नेवऱ्याही गोड लागल्या नाहीत.

भिंतीपलीकडचा गळका नळ तिने बदलून घेतला, उन्हाळाभर भिंत सुकू दिली आणि सुनेला हाक मारली. गौरवी लग्नाआधी फोंड्याला एका रंगाऱ्याकडे कामाला होती. हॉटेलांच्या सिमेंटच्या भिंतींवर लाकूड म्हणा, दगड म्हणा, सांगाल ते रंगाने उमटवायची. खरं तर सुमंगलेलाही ते काम कधी मोठंसं वाटलं नव्हतं.

"तुझ्या चुलतसासऱ्याला शोभेल असा संगमरवर काढशील?"

"काढीन. पण मध्ये बोलायचं नाही, आई."

"बघू."

बोलली ती भरपूर. गौरवीने पांढऱ्यावर पातळ राखाडी रंग ओल्या स्पंजाने टिपला तेव्हा म्हणाली, "बुरशी आली गो." त्यावर चुरगळलेलं प्लास्टिक दाबलं तेव्हा म्हणाली, "आता बुरशीला सुरकुत्या." मग काजूच्या बागेत सापडलेलं मोरपीस रंगात बुडवून गौरवीने संगमरवरात असते तशी पहिली शीर ओढली, कोरड्या ब्रशाने तिच्या कडा पुसट केल्या, आणि सुमंगला थट्टा विसरून भिंतीजवळ सरकली. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला.

"दे, एक मी ओढते."

तिची शीर वाकडी गेली, मध्येच फुटली आणि दोन वाटांनी खाली उतरली.

"राहू दे, आई. झकास आहे," गौरवी म्हणाली. लाद्यांचे सांधेसुद्धा तिने रंगानेच आखले आणि वर वार्निश चढवलं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी भिकाजी गाडी घेऊन आला, सोबत बायको शालिनी. ज्यावर मूर्ती घडते तो गणपतीचा पाट नागपंचमीला मूर्तिकाराच्या चित्रशाळेत द्यायचा होता. पाट डिचोलीला गेला तर गणपतीही डिचोलीला. त्याने तो सरळ काखेत मारला, मान वर केली आणि थांबला. भिंतीवर टिचकी मारली, तळहात फिरवला. मग त्याचं तोंडच उतरलं.

"घरात लादीवाला असताना तू दुसऱ्याच्या दुकानातून संगमरवर आणलास, वैनी?"

"का, बरा नाही?"

"बरा? राजस्थानचा माल आहे. शालिनी, ही शीर बघ, कशी फुटून खाली उतरलीय. खोट्या मालात अशी मिळायची नाही. देवाने काढलेली आहे ही."

"देवाने कशाला, मीच काढली," सुमंगला म्हणाली. "मोरपिसाने. बाकीच्या सगळ्या गौरवीच्या. खाली सिमेंट आहे."

शालिनीने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत राहिले. भिकाजीने भिंतीला नाक टेकवून पाहिलं, मग नख. नख वार्निशवरून घसरलं.

सुमंगलेने त्याच्या काखेतला पाट काढून घेतला, दारात उभ्या गौरवीला पुढे ओढलं आणि तो तिच्या हातात ठेवला.

"भिकाजी, धंद्यातला दगड तुला ओळखता येईना, आणि देवाची जागा ठरवायला निघालास. पाट आमच्या नेहमीच्याच चित्रशाळेत जाईल, आणि तो गौरवी नेईल. मी आहे तोवर आणि माझ्यामागे ही आहे तोवर गणपती इथेच बसेल."