सहाशे बारा ठोके

दादानं भंगाराच्या आवारातून ते वाफेचं इंजिन सोडवून आणलं, तेव्हा वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, ही सवत आता माझ्या डोक्यावर बसणार." बसलीच. इंजिन कापायला माणसं आली त्या दिवशी दादा डबा घेऊन केबिनमध्ये चढला आणि दोन दिवस खाली उतरला नाही. "ज्या इंजिनावर मी एकोणीस वर्षं ड्रायव्हरी केली ते माझ्या डोळ्यांदेखत कापू देणार नाही," एवढंच म्हणायचा. शेवटी वैतागून भंगारवाल्यांनी ते आम्हा निवृत्त रेल्वेवाल्यांच्या मंडळाला देऊन टाकलं. तेव्हा त्याच्या धुराड्यातून एक झुडूप वर आलं होतं.

मग कामं वाटली. चाकं, ब्रेक, पितळी नळ्या इतरांकडे गेल्या. बॉयलर माझ्याकडे आला, कारण मी जन्मभर बॉयलरवाला. दादा मला 'ठोक्या' म्हणायचा तो उगाच नाही.

बॉयलरमध्ये भट्टीची भिंत आणि बाहेरचं कवच यांना एकमेकांशी धरून ठेवणारे लोखंडी दांडे असतात, त्यांना आम्ही स्टे म्हणतो. या इंजिनात सहाशे बारा. त्यातला कुठला आतून मोडलाय ते डोळ्यांना दिसत नाही. भट्टीत शिरून एकेकावर हातोडी मारायची आणि ऐकायचं. धडधाकट असला तर टणकन वाजतो, मोडका असला तर नुसता ठप्प करतो. आमच्याकडे हीच पद्धत.

आणि मला ऐकू येत नव्हतं. बॉयलरच्या पोटात पस्तीस वर्षं काढली की कान जातात. आमच्या धंद्यात सगळ्यांचेच जातात आणि सगळेच ते लपवतात. मी लोकांचे ओठ वाचायचो, मान डोलवायचो, वेळ मारून न्यायचो. हातोडीचा दणका मनगटाला कळतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्या दिवशी सहाशे बारा ठोके मारून मी बाहेर आलो आणि भट्टीच्या दारावर खडूनं लिहिलं, 'सर्व ठीक.' मूर्ख माणूस.

पुढचे आठ महिने त्या बॉयलरवर पत्रे, नळ्या, सगळा साज चढला. तेवढ्यातच दादाची फुप्फुसं बिघडली. डॉक्टर म्हणाले, फार तर तीन महिने. दादानं ते हवामानाची बातमी ऐकावी तसं ऐकून घेतलं. त्याला एकच गोष्ट हवी होती. इंजिनात वाफ धरायची, शिट्टी द्यायची आणि आवारातल्या रुळावर एकदा ते स्वतःच्या हातानं पुढे न्यायचं.

बॉयलर तपासायला इन्स्पेक्टर आला. सडपातळ, अदबशीर माणूस. मी त्याच्याबरोबर भट्टीत शिरलो. खालच्या कोपऱ्यात त्यानं एका स्टेवर हातोडी मारली, थांबला, पुन्हा मारली आणि माझ्याकडे वळला. दिव्याच्या उजेडात मी त्याचे ओठ वाचले, "हा तुम्हाला वेगळा वाटत नाही?" मी सवयीनं मान हलवली, नाही म्हणून. तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या तोंडाकडे न पाहता त्यानं खडूनं फुल्या मारायला सुरुवात केली. शेजारीशेजारी चौदा फुल्या.

सगळा साज उतरवून ते स्टे बदलायला कमीत कमी सहा महिने लागणार होते. बॉयलर उघडा होता तेव्हा तेच काम महिनाभरात उरकलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दादाकडे गेलो. तो खिडकीशी उशांना टेकून बसला होता. मी म्हणालो, "दादा, माझी चूक आहे. मला ऐकू येत नाही."

त्यानं माझ्याकडे तोंड वळवलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. "माहीत आहे. चार वर्षं झाली."

"मग बॉयलर मला कशाला दिलास?"

"काढून घेतला असता तर चारचौघांत कारण सांगावं लागलं असतं." त्याला खोकल्याची उबळ आली. ती गेल्यावर म्हणाला, "चुकलं माझं, ठोक्या. वाटलं, म्हातारीचा बॉयलर धडधाकट असेल."

माफी तो मागत होता. मी त्याच्या पलंगावर डोकं टेकून रडलो, आणि तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला.

सात आठवड्यांनी दादा गेला.

स्टे बदलले. ठोकून ऐकायचं काम मी दुसऱ्याला दिलं, चारचौघांत कारण सांगून. त्यात काही विशेष नव्हतं, कुणी हसलंदेखील नाही.

इंजिन पेटलं त्या दिवशी मंडळानं शिट्टीची साखळी माझ्या हातात दिली. खाली वहिनी दादाची टोपी घेऊन उभ्या होत्या. मी साखळी ओढली. पांढरी वाफ उसळली, सगळ्यांचे हात कानांवर गेले. एकट्या वहिनींनी कान झाकले नाहीत. डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या.

मी खाली उतरलो. "वहिनी, मला नाही ऐकू आली," मी म्हणालो. "कशी वाजली ते सांगा."

त्या सांगू लागल्या. पण त्यांचे ओठ इतके थरथरत होते की मला एक अक्षरही वाचता आलं नाही.