घर टेकडीवर गेलं तो दिवस

“वहिनी, हट्ट सोड,” ॲन्टन म्हणाला. “सगळे घरं मोडून लाकडं तेवढी नेतायत. हे एवढं धूड सबंध न्यायचं म्हणजे काय खेळ आहे?”

“तुझं तू मोड,” हिल्डा म्हणाली. “माझं माझ्याबरोबर येईल.”

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या त्या नदीवर धरण झालं होतं. बर्फ वितळलं की गाव पाण्याखाली जाणार होतं. हिल्डा टॉर्विक गावची सुईण. नवरा नेल्स गेल्यापासून घरात एकटीच. घर दुमजली, लाकडी. भिंतींतले उभे वासे तळापासून छपरापर्यंत सलग गेलेले. नेल्सनं ते उभारलं तेव्हा एकेक खिळा तिनंच त्याच्या हातात दिला होता. घर एकसंध येणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

घरं हलवणाऱ्या एमिलनं जॅक लावून ते तळघरावरून उचललं, खाली ओंडके सारले. पण पुढचा व्हरांडा वाटेतल्या अरुंद पुलावर मावेना.

“कापावा लागेल, मावशी.”

ॲन्टननं करवत उचलली आणि तसाच उभा राहिला. भावाच्या हातचं काम होतं ते.

“आण इकडे,” हिल्डा म्हणाली. “हा मागाहून जोडलाय. घराला काही होत नाही.”

कापता कापता तेवढ्या थंडीत ती घामाघूम झाली. शेवटचा खांब सुटला तेव्हा क्षणभर त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. मग घरात शिरून खुर्ची ओढून बसली.

“आत माणूस नको, मावशी!”

“एमिल, तुझ्या वेळी तुझ्या आईनं दोन दिवस कळा दिल्या तेव्हा मी घाबरले नाही. चल, ओढ.”

ट्रॅक्टर गुरगुरला. पूल मागे पडला. चढावर मात्र एक साखळी तुटली आणि घर एका अंगाला कललं. कपाटातल्या बशा खळकन फुटल्या.

“उडी मारा, मावशी!”

“कुठून मारू? व्हरांड्याबरोबर पायऱ्याही तूच कापायला लावल्यास! आधी पाचर मार!”

घाबरलेली माणसंही हसली. धावत जाऊन त्यांनी पाचरी ठोकल्या. घर कण्हलं, थरथरलं आणि थांबलं.

अंधार पडायच्या आत ते टेकडीवरच्या नव्या पायावर बसलं. ॲन्टन सगळ्या खोल्यांतून फिरून आला.

“एकही दार अडकत नाही गं!”

“मग? रविवारी बायकोला घेऊन ये जेवायला. येताना बशा आणा.”

उतारामुळे घराचं तोंड फिरवावं लागलं होतं. सकाळी हिल्डाला जाग आली ती उजेडानं. इतक्या वर्षांत या झोपायच्या खोलीत सकाळचं ऊन कधी आलं नव्हतं. आज ते खिडकीतून थेट पलंगावर, नेल्सच्या बाजूला पसरलं होतं. तिनं हात लावून पाहिलं. चादर ऊबदार झाली होती.

तिनं पडदा ओढला नाही.