रक्तावरची साय

मानसाच्या रक्तावर साय धरती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. थापा मारत न्हाई. एकाहत्तर सालची गोष्ट. भिंगारच्या बाजारपेठेत टाकळीकर डॉक्टरांचा दवाखाना हुता. त्यांनी आमच्या मालकांचं रक्त काचेच्या नळीत घेतलं अन् रातभर फ्रीजमधी ठेवलं. सकाळी बघते तर खाली लाल गाळ, त्याच्यावर दुधावानी पांढरंशुभ्र पानी, अन् सगळ्यात वर साय. अगदी आमच्या म्हशीच्या दुधाला धरती तशी. अगं बाई, मी तर हरखलेच! म्हनलं, बनुबाई, सोळा वर्सं नवऱ्याला तूप-चपाती चारलीस ती अंगी लागली म्हनायची.

डॉक्टर म्हनाले, ही चरबी हाय, नसांत बसती अन् काळीज बंद पाडती. माझ्या तोंडचं पानीच पळालं. मालकांचे वडील एकेचाळिसाव्या वर्सी छातीत कळ येऊन गेले. थोरले दीर तर त्याच वयात लष्कराच्या डेपोच्या फाटकात सायकलवरनं उतरता उतरता गेले. अन् आमच्या मालकांना तवा चाळिसावं लागलेलं. त्यांचं नाव मी घेत न्हाई, डॉक्टर त्यांना सहादेव म्हनायचे. त्याच डेपोत पेट्यांवर नंबर घालायचं काम करायचे. भ्यालो असं तोंडानं कधी बोलले न्हाईत, पर पोरीच्या लगनाची एकाएकी घाई सुरू केली. आमची चांगुणा एकुलती एक, पंधरावं लागलेलं, नववीत पहिल्या पाचात. त्यांनी देवळाली प्रवऱ्याचं स्थळ बघितलं. मी आडवी आले तर म्हनायचे, मी हाय तवर उरकू.

डॉक्टरांनी एक पीठ तयार केलं हुतं. गव्हाचं, पर त्यात वरनं आनखी कोंडा घातलेला, हरबरा दळलेला, मेथी दळलेली. रक्तातली चरबी त्यानं उतरंल असा त्यांचा कयास. डेपोतली असल्याच पांढऱ्या रक्ताची नऊ मानसं निवडली अन् दर आठवड्याला घरटी एक पिशवी द्यायला लागले. तूप बंद, वनस्पती तूपबी बंद. हे सगळं त्यांनी बाप्यांना बसवून नीट समजावलं. बाप्यांनी घरी येऊन पिशवी टेकवली अन् एवढंच सांगितलं, ह्याच्या चपात्या करायच्या, वरनं तूप लावायचं न्हाई.

मी पिशवी उघडली अन् कपाळाला हात लावला. एवढा कोंडा! वाटलं, गिरनीवाल्यानं भल्या मानसाला फसवलं. आता तुमीच सांगा, कोंड्यासकट पीठ नवऱ्याच्या ताटात वाढनारी बाई कुठं आसती का? कोंडा ढोरांचा. मी आपली बारीक चाळन घेतली, दोनदा चाळलं, कोंडा म्हशीच्या घमेल्यात टाकला. चपाती मऊ पडावी म्हनून कनकीत वाईच तूपबी मुरवलं. वरनं लावू नका म्हनले हुते, आतलं कोनी काढलं न्हवतं. म्हस कशी झाक तुकतुकीत झाली म्हनता!

दोन महिन्यांनी परत रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी मीबी संगं गेले. लाकडी घोड्यावर नऊ नळ्या उभ्या. आठ पांढऱ्या, हुत्या तशाच. डॉक्टरांचं तोंड उतरलं. पिठात काही दम न्हाई, आजपासनं बंद करतो म्हनाले. मालक शांतपनी म्हनाले, "तुमी लई केलं डॉक्टर. मी माघात पोरीचं उरकून घेतो."

माझी नजर नवव्या नळीवर खिळली. वरचं पानी कसं पिवळंधम्मक अन् नितळ, पलीकडची खिडकी दिसावी! ही कोनाची म्हनून इचारलं, तर कानिफनाथची. डॉक्टर म्हनाले, एखाद्याची प्रकृतीच वेगळी आसती. कानिफनाथ आमच्या आळीतलाच. सडाफटिंग, खोलीवर हातानं करून खायचा. भांडी म्हनाल तर तवा, परात अन् एक तांब्या. चाळन त्याच्या बापजल्मी घरात न्हवती.

कोंडा! ज्याला मी ढोरांचं म्हनून टाकलं, त्यानं मानसाचं रक्त निवळलं हुतं. लाज लई वाटली. आठ बाप्ये बसलेले, मालक शेजारी. पर आता गप बसले तर कुकू जाईल, हे कळत हुतं.

"डॉक्टर, पीठ मी चाळलं," मी म्हनले.

"किती?"

"सगळं. दोन येळा. अन् कनकीत तूप घातलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता खरडपट्टी निघती. ते म्हनाले, "चूक माझी आहे. स्वयंपाक करणाऱ्यांशी मी बोललोच नाही."

त्याच दिवशी मी बाकीच्या घरी हिंडले. सगळ्या जनींनी चाळलं हुतं. गोजरबाई तर माझ्यावरच उखडली, न चाळता वाढायला मी काय सावत्र हाय का म्हनाली.

मग दोन महिने कोंड्यासकट. तूप न्हाई, मोहन न्हाई. मालक घासाघासाला पानी पीत, पर तक्रार न्हाई. अन् पुसाच्या शेवटी परत नळी भरली.

देवा, काय सांगू! साय न्हाई, दूध न्हाई. नितळ. डॉक्टरांनी मागं बोट धरलं तर बोटाचं नख दिसलं. माझ्या हातनं ह्यांच्या रक्तात विष गेलं हुतं अन् माझ्याच हातच्या चपातीनं ते उतरलं. माझे आपसूक हात जोडले गेले. डॉक्टर म्हनाले, आयुष्याची हमी मी देत न्हाई, पर धोका लई उतरला, हेच चालू ठेवा.

मालक वाटंत पोस्टात शिरले, कार्ड घेतलं, तिथंच उभ्यानं चार ओळी खरडल्या अन् पेटीत टाकलं. मला कुठं वाचता येतंय? म्हनले, कोनाला धाडलं?

"देवळालीच्या पाव्हन्यांना," ते म्हनाले. "पोरगी शिकतीय म्हनून लिवलं. घाई न्हाई आता. मी हाय."