होडीतले दगड

आग लागो त्या डब्याला! माझ्याच लेकीने बनवलाय, तरी म्हणते.

सृष्टी पुण्याला प्रयोगशाळेत असते. डब्यात पेप्टाइड आहे म्हणे, प्रथिनाचा बारीकसा तुकडा. सुरुंगाची दारू आली की तो तिला चिकटतो आणि आतला निळा उजेड लाल होतो. मालवणात कोणीतरी समुद्रात सुरुंग उडवून मासे मारत होतं, म्हणून मच्छीमार सोसायटीने तिला बोलावून घेतलं. त्या मेल्यांविरुद्ध सगळ्यात जास्त ओरडणारे कोण, तर आमचे हे. दर सभेत भांडायचे.

धक्क्यावर हेच पुढे झाले. "पयली माझी होडी तपास गो. बापाशीक सोडल्यान म्हणून कोणी बोलूक नको."

तिने होडीच्या तळातलं पाणी घेतलं, थेंब डब्यात टाकला. उजेड लाल झाला.

"चोराच्या उलट्या बोंबा!" शेजारच्या होडीवरचा बाळा ओरडला आणि सगळा धक्का हसला. ह्यांनी फक्त लेकीकडे बघितलं. "तुका काय वाटता गो?"

एवढंच म्हणायचं होतं कार्टीने, माझो बापूस असा करूचो नाय. ती म्हणाली, "थांबा, परत एकदा बघतंय." परतही लालच. अजून वाटतं, तेव्हाच तिच्या पाठीत एक धपाटा घालायला हवा होता.

सोसायटीने होडी बांधून ठेवायला लावली. हे ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. सृष्टी मात्र होडीचा कोपरा न् कोपरा तपासत राहिली, तेव्हा कळलं. होडीला भार म्हणून तळाशी दगड घालतात. यंदाचे दगड ह्यांनी कट्टा गावाहून आणले होते, माझ्या भाच्याच्या, सर्वेशच्या नव्या विहिरीतले, सुरुंगाने फोडलेले. दारू त्यांनाच लागलेली. डबा खरा होता आणि हेही खरे होते.

तिने सोसायटीसमोर सगळं मांडलं. बाळाने ह्यांचे पाय धरले. मग ती रडत ह्यांच्यापाशी आली. "बाबा, माझा चुकला."

आमच्या घरात मालवणीशिवाय बोलणं नाही. शुद्ध मराठी हे तहसील कचेरीत साहेबासमोर बोलतात तेवढंच. हात जोडून म्हणाले, "नाही मॅडम, तुम्ही तुमचं काम केलंत. आता मी जाऊ का?"