नाकासमोर

बाबांची जुनी गाडी डावीकडे ओढायची. स्टिअरिंगवरचा हात जरा सैल पडला, की निघालीच रस्त्याच्या कडेला. इंजिन, ब्रेक, सीटची कव्हरं, सगळं करून झालं होतं. हेच एक काम राहिलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानं बाबा घरी बसले, तेव्हापासून त्यांची लेक एकटीच त्या गाडीच्या मागे लागली होती. सुट्टी म्हटली की ती गाडीखाली. नखांतलं काळं तेल आता साबणालाही दाद देत नव्हतं.

अलाइनमेंटवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये हे मॉडेलच नव्हतं.

"ताई, ही माझ्या मशीनपेक्षा वयानं मोठी आहे. दोरा लावूनच करू," तो म्हणाला.

तिनं दोऱ्याचं एक टोक धरलं. चाकांलगत दोरा ताणून मापं घेतली. पुढचा गंजलेला नट हलेना, तेव्हा दोघांनी मिळून पान्यावर जोर लावला. चाकं सरळ झाली, तर स्टिअरिंग वाकडं बसलं. पुन्हा सगळं सोडवलं. बाबा खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

मग त्यांना शेजारी बसवून तिनं गाडी मोकळ्या रस्त्यावर काढली आणि क्षणभर दोन्ही हात उचलले. गाडी नाकासमोर चालत राहिली. बाबांचे डोळे भरून आले. आता तरी शाबास म्हणतील, असं तिला वाटलं.

"दादाला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, तुझी गाडी तयार आहे."

"त्याची?"

"मग कुणाची? मुलगा आहे तो. तू हौसेनं केलंस, चांगलंच केलंस."

तिनं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून फोन लावला. दादानं या गाडीच्या एका स्क्रूलाही कधी हात लावला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा.

"ओढत नाही ना आता? झकास," तो म्हणाला. "एक गिऱ्हाईक कधीचं मागे लागलंय. बाबांना एवढ्यात बोलू नकोस."

डिकीत पाना होता. तो नट पुन्हा सैल करायला कितीसा वेळ लागणार, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण काचेतून बाबा तिच्याकडेच बघत होते.

"काय म्हणाला?"

"खूश झाला."

"होणारच. त्याला कदर आहे."

घरी पोचेपर्यंत ते दादाच्याच गोष्टी सांगत राहिले. लहानपणी मांडीवर बसून तो हॉर्न कसा वाजवायचा, सोडायचाच नाही. हॉर्न ती वाजवायची. दादाला गाडी लागायची.

गाडी लवकरच त्या गिऱ्हाइकाकडे गेली. दादा ती रोज चालवतो, अशी बाबांची समजूत आहे. ती समजूतही तिनंच करून दिली.